उधारी नक्की किती दिवस थकली? डेटाबेसलाच विचारा!

माल गेला, बिल गेलं, पण पैसे कधी येणार? बऱ्याच जणांचा हा हिशोब डोक्यात नाहीतर डायरीत असतो. व्हिडिओमध्ये आपण मायएसक्यूएलमध्ये बिलांचं टेबल बनवलं. आता त्यातल्या तारखांना कामाला लावू.

१. तारीख 'डेट' प्रकारातच ठेवा

'०५/०४/२०२५' असं साध्या मजकुरात लिहिलंत, तर डेटाबेससाठी ती नुसती अक्षरं. क्रम लावला की ५ एप्रिल आधी आणि २८ मार्च नंतर येतो! डेट कॉलम घ्या, क्रम वर्ष-महिना-दिवस.

२. मुदत मोजा

तुम्ही उत्पादन करता किंवा सेवा देता, सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे? मग एमएसएमईडी कायदा, २००६ तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं.

लक्षात घ्या, दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही. म्हणून 'स्वीकार तारीख' हा वेगळा कॉलम हवाच. करार ४५ दिवसांचा असेल तर 'डेट_ॲड'ने त्यात ४५ दिवस मिळवा. १० मार्च २०२५ ला स्वीकारलेल्या मालाची मुदत २४ एप्रिल. मग 'डेटडिफ'मध्ये आधी 'करडेट', म्हणजे आजची तारीख, आणि नंतर मुदतीची तारीख द्या. ४ मे रोजी उत्तर येईल १०. दहा दिवस थकले! उत्तर उणे आलं, तर मुदत अजून बाकी आहे.

३. महिन्याचा शेवटचा दिवस सांभाळा

कॉलममध्ये वेळही असेल, तर '१ मार्च ते ३१ मार्च' असं 'बिटवीन' लावल्यावर शोध ३१ तारीख सुरू होते त्या क्षणीच थांबतो. त्या दिवसभराची विक्री गळते. त्याऐवजी '१ मार्चपासून पुढे आणि १ एप्रिलच्या आधी' अशी अट लिहा.

४. सर्व्हरचं घड्याळ तपासा

क्लाउडवरचे सर्व्हर अनेकदा यूटीसी वेळेवर चालतात. आपण साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला पहाटे ४ ची ऑनलाइन ऑर्डर तिथे ३१ मार्चची दिसते, म्हणजे आर्थिक वर्षच बदललं! 'सिलेक्ट नाऊ' चालवून आपल्या घड्याळाशी ताडून बघा.

आजचा गृहपाठ: पाच जुनी बिलं काढा, स्वीकार तारखा भरा आणि डेटडिफ चालवा. सगळ्यात मोठा आकडा ज्याच्या नावापुढे येईल, उद्या सकाळी पहिला फोन त्यालाच!