मुधोळचा कारवान

आपल्याकडे शेतावर राखणीला दिसणारा उंच, सडपातळ कारवान कुत्रा बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या नावाने ओळखला जातो. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले.

हा वासापेक्षा नजरेने सावज हेरून धावतो. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट ही त्याची ठेवण. त्याच्या बरगड्या किंचित दिसल्या म्हणजे तो उपाशी आहे असे नव्हे. भरमसाट खाऊ घालून त्याला लठ्ठ करू नये. केस आखूड असल्याने थंडीत कोरडी, उबदार जागा द्यावी. रेबीजची लस वेळेवर टोचावी. दिवसभर साखळीला बांधल्यास तो चिडका होतो. रोज मोकळे धावणे हवेच.

म्हणून पिल्लू आणण्याआधी आपण घरातली हौस नव्हे, अंगण मोजू या.