छातीतील जळजळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जठरातील आम्लयुक्त रस उलट दिशेने अन्ननलिकेत चढण्याला ॲसिड रिफ्लक्स म्हणतात. तो वारंवार होऊन त्रासदायक ठरू लागला किंवा त्यामुळे अन्ननलिकेला इजा झाली, की त्याची गणना ‘जर्ड’ या विकारात होते. धानशेती, राइस मिल, तेंदूपाने आणि बिडी यांवर बरीचशी उपजीविका अवलंबून असलेल्या गोंदिया जिल्ह्यातही ‘ॲसिडिटी’ची तक्रार नवी नाही, मात्र तिच्याविषयीचे काही समज तपासून पाहण्याजोगे आहेत.

गैरसमज : हा शहरी, बैठे काम करणाऱ्यांचा आजार आहे.
वस्तुस्थिती : इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या कृतिगटाने देशातील १२ केंद्रांमधून माहिती गोळा करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ७.६ टक्के व्यक्तींना आठवड्यातून किमान एकदा छातीत जळजळ किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास होता, तर पुढे अनेक भारतीय अभ्यास एकत्र करून काढलेले प्रमाण सुमारे १५ टक्के आले. लठ्ठपणामुळे धोका वाढतो हे खरे असले, तरी शारीरिक श्रम हे काही संरक्षक कवच नव्हे. भरल्या पोटी वाकून रोवणी करतानाही पोटावर दाब येऊन जठरातील रस वर चढू शकतो.

गैरसमज : पोटात आम्ल जास्त तयार झाल्यामुळेच जळजळ होते.
वस्तुस्थिती : बहुतेक रुग्णांत आम्लाचे प्रमाण सर्वसाधारणच असते, दोष असतो तो अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या स्नायुवलयात, जे घास खाली उतरल्यावर मिटून राहायला हवे, परंतु सैल पडल्यास किंवा जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकल्यास, म्हणजेच हायटस हर्निया झाल्यास, आम्लाला वाट मोकळी होते.

गैरसमज : तिखट सोडले, थंड दूध घेतले, की आजार बरा होतो.
वस्तुस्थिती : दुधाने मिळणारा आराम तात्पुरता असतो आणि तिखटाचा त्रास सर्वांना सारखा होत नाही, त्यापेक्षा वजन आटोक्यात ठेवणे, रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर राखणे, पलंगाची उशाकडील बाजू सुमारे १५ ते २० सेंटिमीटर उंच करणे आणि डाव्या कुशीवर झोपणे हे उपाय अधिक उपयोगी ठरतात. आम्लनिर्मिती रोखणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या साधारणतः जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्याव्या लागतात आणि त्या किती काळ चालू ठेवायच्या, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

गैरसमज : जुनी ॲसिडिटी म्हणजे पुढे कर्करोग ठरलेलाच.
वस्तुस्थिती : दीर्घकाळच्या रिफ्लक्समुळे काहींच्या अन्ननलिकेचे अस्तर बदलते, त्याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात, परंतु अशा रुग्णांपैकीही फार थोड्यांना कर्करोग होतो. भारतात अन्ननलिकेचा स्क्वॅमस पेशींचा कर्करोग अधिक आढळतो आणि त्याचा संबंध प्रामुख्याने तंबाखू, सुपारी व मद्य यांच्याशी आहे. म्हणूनच पूर्व विदर्भात सर्रास चघळला जाणारा, सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तसेच बिडी यांचा धोका मिरचीपेक्षा कितीतरी मोठा आहे. शिवाय तंबाखूतील निकोटिन वर सांगितलेले स्नायुवलयही सैल करते.

गैरसमज : छातीत दुखले, म्हणजे गॅसच असणार.
वस्तुस्थिती : हृदयविकाराचा झटकाही अशाच वेदनेने सुरू होऊ शकतो, घाम, दम लागणे अथवा हात किंवा जबड्याकडे सरकणारी कळ असल्यास अँटासिड घेऊन वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. तसेच घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच ही लक्षणे साध्या ॲसिडिटीची मानू नयेत; त्यांसाठी एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून अन्ननलिका व जठर यांची तपासणी, विनाविलंब करून घ्यावी.