खिरीचं करपलेलं कडं

स्टीलच्या पातेल्यात खीर आटवायला ठेवली की ती करपते नेमकी गोलाकार. शेगडीच्या ज्वाळा बुडाला जिथे लागतात तिथेच तपकिरी कडं उमटतं. दोन बोटं पलीकडचा भाग पांढराशुभ्र. ढवळणारी बोलणी खाते, पण खरा दोष पातेल्याचा.

तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात), लोखंडाची 80, आणि स्टेनलेस स्टीलची जेमतेम 15. स्टेनलेस स्टील म्हणजे मुख्यतः लोखंडच, त्यात क्रोमियम आणि निकेल. या भेसळीने गंज थांबला, पण उष्णतेची वाटही अडली. धातूत उष्णता वाहून नेतात ते प्रामुख्याने मोकळे इलेक्ट्रॉन. एकाच जातीच्या अणूंच्या रांगांमधून ते लांबचा पल्ला मारतात; मध्ये परके अणू आले की ठेचकाळतात. म्हणून तर स्टीलच्या बुडाला तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर देतात.

पण उष्णता फक्त इलेक्ट्रॉनच नेतात असं नाही. हिऱ्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतातच. तरी त्याची वाहकता 2000च्या वर, तांब्याच्या पाचपट! इथे उष्णता नेते अणूंची थरथर. सैल दोरीला दिलेला हिसका वाटेतच विरतो, ताणलेल्या तारेचा टोकापर्यंत जातो. हिऱ्यातले कार्बनचे अणू हलके आणि त्यांचे बंध कमालीचे ताठ.

भेसळ तिथेही नडते, आणि तीही कार्बनमध्ये कार्बनचीच. निसर्गात कार्बनच्या शंभर अणूंमागे साधारण एक असतो कार्बन-13, किंचित जड. 1990 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी हे जड अणू जवळजवळ काढून टाकून हिरा बनवला, आणि वाहकता सुमारे 50 टक्क्यांनी वाढली. शंभरात एक अणू, तोही सख्खा भाऊ, एवढा आडवा येतो!

सराफाकडचं हिरा पारखायचं पेनासारखं यंत्र हीच वाहकता पाहतं. त्याचं तापलेलं टोक खड्याला टेकवलं की उष्णता किती झटकन ओढली जाते ते कळतं. काच आणि ‘अमेरिकन डायमंड’ लगेच उघडे पडतात. हिऱ्यासारखाच दिसणारा मॉइसनाइट मात्र अनेकदा चकवतो, कारण तोही उष्णतेचा उत्तम वाहक. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर या पेनाला वेगळा ओळखताच येत नाही. तो हिराच असतो.