निवळी आणि काजरा : दोन वन्य फळांची ओळख

चेन्नई शहराच्या हद्दीतील गिंडीचे वन १९७८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. चोळमंडल किनाऱ्यावरील शुष्क सदाहरित वनांचा तो एक अवशेष होय. या प्रकारच्या वनांत आढळणारे निवळी व काजरा हे दोन वृक्ष एकाच प्रजातीचे. एकाचे बी पिण्याचे पाणी स्वच्छ करते. दुसऱ्याचे बी प्राणघातक आहे. म्हणून त्यांची ओळख हा केवळ वनस्पतिशास्त्राचा विषय नाही.

पानांवरून हा भेद करणे धोक्याचे. दोन्ही वृक्षांची पाने समोरासमोर येतात आणि दोहोंतही तीन ते पाच ठळक शिरा देठाजवळून निघतात. फळे मात्र निराळी आहेत. निवळीचे फळ लहान बोराएवढे असून पिकल्यावर काळे होते. त्यात बहुधा एकच वाटोळी, फुगीर बी असते. काजऱ्याचे फळ संत्र्याएवढे व नारिंगी रंगाचे. त्यातील बिया चपट्या, नाण्यासारख्या आणि रेशमी लव असलेल्या असतात. त्यांतील स्ट्रिक्नीन हे विष १८१८ मध्ये फ्रान्समध्ये वेगळे करण्यात आले. तमिळमध्ये काजऱ्यास ‘एट्टी’ म्हणतात. कुणाच्याच उपयोगी न पडणाऱ्या कृपणाच्या संपत्तीस पिकलेल्या एट्टीची उपमा तमिळ लोकोक्तीत दिली जाते.

निवळीची बी मातीच्या घागरीच्या आतील बाजूस घासून मग गढूळ पाणी भरण्याची रीत जुनी आहे. बीमधील प्रथिने व बहुशर्करा यांच्या योगाने मातीचे सूक्ष्म कण एकत्र येतात व जड होऊन तळाशी बसतात. तथापि, निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. ते उकळणे आवश्यकच.

या वृक्षाची नावेही विचारणीय आहेत. मराठी ‘निवळी’ हे ‘निवळणे’ या क्रियापदाशी संबद्ध आहे. तमिळ ‘तेट्रा’ हे नाव स्वच्छ करणे या अर्थाच्या ‘तेट्रु’ या धातूशी. शास्त्रीय नावातील ‘पोटॅटोरम’ या लॅटिन पदाचा अर्थ ‘पिणाऱ्यांचे’ असा आहे. भिन्न कुळांतील भाषांनी वृक्षाच्या रूपापेक्षा त्याच्या उपयोगाकडे पाहून नाव दिले.

परंतु अशा नावातून फळ ओळखता येत नाही. निवळीला संस्कृतात ‘कतक’ म्हणतात. कतकाचे फळ पाणी स्वच्छ करीत असले तरी केवळ त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टान्त मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आला आहे. बी घागरीला लावण्यापूर्वी फळ पारखण्याची गरजही यात आलीच.