अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी सल्ला मागायचा कोणाकडे?

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईला रुग्णालयातून घरी सोडले. नाकात नळी, कूस बदलायलाही दोन माणसे लागतात. आया ठेवायची की नर्स, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचे, हे घरी येऊन सांगणार कोण? वरसाव्यासारख्या ठिकाणी तर ठाण्याच्या सरकारी कार्यालयात एक फेरी मारायची म्हणजे घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत अर्धा दिवस जातो. रुग्णाला सोबत नेण्याचा तर प्रश्नच नाही.

कायद्यात काय आहे?

पालक व ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा सगळ्यांना ऐकून माहीत असतो. मुले सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्वाहात औषधोपचारही धरले आहेत. पण हा कायदा खर्च कोणी करायचा ते ठरवतो; काळजी कशी घ्यायची, त्यावर तो गप्प आहे.

त्याहून जवळचे कलम दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. कलम ३८ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला जास्त आधाराची गरज असल्यास सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मूल्यांकन मंडळ गरज तपासून आधार कोणत्या स्वरूपाचा हवा, याचा अहवाल देते. वयाची अट नाही. अर्ज घरच्यांनी किंवा एखाद्या संस्थेने केला तरी चालतो.

जर्मनीत काय होते?

तिथे १ जानेवारी २००९ पासून दीर्घकालीन काळजीविषयी सल्ला मिळणे हाच हक्क आहे. अर्ज आल्यावर दोन आठवड्यांत विमा निधीला भेटीची वेळ द्यावी लागते, आणि मागणी केल्यास सल्लागार घरी येतो. आपल्याकडे दोन्ही कायदे असूनही असा सल्लागार कुठल्याच कायद्यात नाही.

मग आज काय करायचे?

घरी सोडण्याआधीच डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडून रोजच्या काळजीचे वेळापत्रक लिहून घ्या. नळी बदलणे, कूस वळवणे नर्ससमोर एकदा स्वतः करून पाहा. ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७ माहिती आणि मार्गदर्शन देते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. कलम ३८ चा अर्ज करायचा तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागणारच, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.