इवलासा राखणदार

वालाच्या वेलाचे कोवळे शेंडे कधी कधी काळ्या ठिपक्यांनी भरून गेलेले दिसतात. जवळ जाऊन पाहावे, तो ते ठिपके नसून बारीक किडे असतात. हाच मावा. आपली सोंड कोवळ्या देठात खुपसून तो वेलाचा रस शोषून घेतो. मग पाने आक्रसतात आणि वेल खुरटतो. अशा वेलावर नीट शोध केल्यास माव्याचा एक वैरीही आढळतो. त्याचे नाव ढालकिडा.

तुरीच्या डाळीचा दाणा पालथा ठेवावा, तसा त्याचा आकार. ढालीसारखी फुगीर पाठ तांबडी किंवा नारिंगी असून तिच्यावर काळे ठिपके वा वळणदार रेघा असतात. हा भडक रंग म्हणजे पक्ष्यांना दिलेली ताकीदच होय. कोणी छेडले, की ढालकिडा पाय पोटाशी घेतो व सांध्यांतून पिवळा, कडू रस सोडतो.

मादी माव्याजवळच पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालते. थोड्याच दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. अळीचे रूप आईबापांहून अगदी निराळे: लांबट काळसर अंग, नारिंगी डाग आणि सहा पाय. ती मोठी खादाड असते. कोशात जाण्यापूर्वी माव्याचे शेकडो किडे ती फस्त करते. परंतु तिची ओळख नसल्यामुळे पुष्कळ लोक तिलाच कीड समजून चिरडून टाकतात!

ढालकिड्याचे मोल अमेरिकेतील बागवानांनी चांगलेच अनुभवले आहे. कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागा एका पांढऱ्या खवलेकिडीने उजाड होऊ लागल्या होत्या. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियातील. तेव्हा तिचा शत्रूही तेथेच असणार, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला. १८८८ साली आल्बर्ट कोबेले तिकडे गेले. त्यांनी धाडलेल्या पहिल्या तीन खेपांत अवघे १२९ ढालकिडे होते. किडीने भरलेल्या एका झाडाभोवती कापडी तंबू उभारून ते त्यात सोडण्यात आले. त्यांची प्रजा झपाट्याने वाढली आणि दोन वर्षांच्या आतच बागा सावरल्या. पुढे १९४० नंतर बागांवर डीडीटी फवारण्यात आले. त्याने ढालकिडे मेले, आणि दबलेली खवलेकीड पुन्हा उफाळून आली.

विषाला शत्रू आणि मित्र यांतील भेद कळत नाही. तो माणसानेच जाणावयास हवा. म्हणून औषध फवारण्यापूर्वी पान उलटून पाहावे. कदाचित तेथे आपला राखणदार आधीच कामाला लागलेला असेल.