सिंगापूरला जाताय? एक सकाळ या फुकटच्या बागेसाठी ठेवा

सिंगापूरची ट्रिप ठरली की घरात आधी बेरीज सुरू होते. विमानाची तिकिटं, हॉटेल, थीम पार्क, केबल कार, मत्स्यालय. प्रत्येक ठिकाणी माणशी वेगळं तिकीट. बरोबर आजी-आजोबा आणि दोन मुलं असतील, तर बेरजेचा गुणाकार व्हायला वेळ लागत नाही. त्यात आणखी एक गोष्ट होते. मुलं राइडवर असतात, आई-बाबा रांगेत असतात आणि आजी-आजोबा बाकावर पर्स आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसतात. ट्रिप सगळ्यांची असते, पण मजा सगळ्यांची होतेच असं नाही.

म्हणून तुमच्या यादीत एका सकाळीची जागा मोकळी ठेवा. सिंगापूर बोटॅनिक गार्डन्स. आत जायला एक डॉलरही लागत नाही. बाग रोज पहाटे ५ पासून रात्री १२ पर्यंत उघडी असते. आणि इथे आजी बाकावर बसून राहणार नाहीत. उलट काही झाडांपाशी त्याच तुमच्या गाइड होतील. कसं, ते पुढे सांगते.

ही बाग एवढी खास का?

आज आहे त्या जागेवर ही बाग १८५९ मध्ये सुरू झाली. विस्तार सुमारे ८२ हेक्टर, म्हणजे दोनशे एकरांच्या आसपास. २०१५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. सिंगापूरचं हे पहिलंच वारसा स्थळ, आणि या यादीत आलेली उष्ण कटिबंधातली ही पहिली वनस्पती उद्यान.

पण ही बाग नुसती फिरायला केलेली नव्हती. तिने जगाचा व्यापार बदलला. १८७७ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्समधून रबराची २२ रोपं इथे आली. मूळ झाड ब्राझीलचं. हेन्री रिडली नावाचे शास्त्रज्ञ १८८८ मध्ये बागेचे प्रमुख झाले. झाड न मारता त्याचा चीक पुन्हा पुन्हा कसा काढायचा, याची पद्धत त्यांनी बसवली. माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रेषांनी साल कापायची, की चीक ओघळून खाली लावलेल्या वाटीत जमा होतो. रबर लावा म्हणून ते मळेवाल्यांच्या इतके मागे लागत, की लोक त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणायचे. पुढे मोटारी आल्या, टायर आले आणि १९२० पर्यंत मलाया जगातलं जवळपास निम्मं रबर पिकवू लागला. मुलांना सांगा, आपल्या गाडीच्या टायरची गोष्ट या बागेतून जाते. मग रबराचं झाड त्यांना नुसतं झाड वाटणार नाही.

जायचं कसं, निघायचं कधी?

बाग लांबट आहे. एका टोकाला टँगलिन गेट, दुसऱ्या टोकाला बुकिट तिमा गेट. टँगलिनजवळ ‘नेपियर’ हे मेट्रो स्टेशन आहे, बुकिट तिमा गेटला लागूनच ‘बोटॅनिक गार्डन्स’ स्टेशन आहे. एका टोकाने आत शिरा, दुसऱ्या टोकाने बाहेर पडा. आल्या वाटेने परत चालावं लागत नाही. थांबत, बसत, खात गेलात तर तीन तास सहज जातात.

वेळेची एक गंमत लक्षात ठेवा. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि तिथे वर्षभर सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो. त्यामुळे ५ वाजता बाग उघडी असली तरी अंधार असतो. साडेसात ही चांगली वेळ. नऊपर्यंत हवा बरी असते, त्यानंतर दमट उकाडा सुरू होतो. हे शहर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे. मुंबईच्या मे महिन्याची सवय असलेल्यांनाही घाम फुटतो. टोपी, पाणी, छत्री आणि सुती कपडे हवेतच.

आजीला ओळखू येणारी झाडं

आता गाइडची गोष्ट. या बागेत जगभरातली झाडं आहेत, पण त्यातली बरीच आपल्या ओळखीची निघतात. पाटीवर इंग्रजी आणि शास्त्रीय नाव असतं, मराठी नाव मात्र आजीला माहीत असतं.

*कैलासपती.* इंग्रजीत याला तोफगोळ्याचं झाड म्हणतात, कारण खोडावरच लटकणारी तपकिरी गोल फळं खरंच तोफेच्या गोळ्यांसारखी दिसतात. फुलंही फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडावर येतात. फुलाच्या आत नागाच्या फण्यासारखा भाग आणि खाली पिंडीसारखा आकार. म्हणूनच आपल्याकडे शंकराच्या देवळाजवळ हे झाड लावतात. खरं तर ते दक्षिण अमेरिकेचं. फुलाला सुंदर वास आणि फुटलेल्या फळाला तितकीच दुर्गंधी, हे मुलांना फार आवडतं. झाडाखाली मात्र उभं राहू नका. फळ जड असतं.

*रतनगुंज.* सिंगापूरमध्ये याला ‘सागा’ म्हणतात. वाळलेल्या शेंगा वळतात आणि त्यातून लालभडक, चकचकीत बिया खाली पडतात. तिथली मुलं या बिया जमवतात. आपल्याकडे पूर्वी सोनार सोनं तोलायला अशा बिया वापरत. आजोबांना विचारा, गुंजभर सोनं म्हणजे काय.

*पांढरी सावर.* सरळ उंच खोड, आडव्या फांद्या आणि बुंध्याशी भिंतीसारखी पसरलेली मुळं. हिच्या बोंडातला कापूस उशा-गाद्यांत भरायचे. काटेसावर माहीत असेल, तर ही तिची चुलत बहीण समजा.

*पर्जन्यवृक्ष.* मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या जुन्या रस्त्यांवर छत्रीसारखा पसरलेला जो मोठा वृक्ष दिसतो, तोच हा. आभाळ भरून आलं किंवा संध्याकाळ झाली की पानं मिटतात. म्हणून मलय लोक याला ‘पाच वाजताचं झाड’ म्हणतात. बागेतल्या १९३० च्या अष्टकोनी बँडस्टँडभोवती पिवळसर पानांचे पर्जन्यवृक्ष आहेत. फोटोसाठी ही जागा चुकवू नका.

एक खेळ सुचवते. प्रत्येक ओळखीच्या झाडापाशी थांबा, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला नाव विचारा आणि मुलांना ते मोबाइलमध्ये लिहून ठेवू द्या. घरात तेलुगू, बंगाली किंवा हिंदी नाव निघालं तर तेही लिहा. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना बोली मराठी येते, पण झाडांची नावं सहसा येत नाहीत. ती शाळेत शिकवली जात नाहीत, आजी-आजोबांकडूनच मिळतात. आणि तीही विचारली तरच.

फक्त इथेच भेटणारी

*टेंबुसू.* सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेच्या मागे एक झाड छापलेलं आहे. त्याची खालची फांदी जमिनीला समांतर जाते. ते झाड याच बागेत आहे आणि बागेहूनही जुनं आहे. नोट काढा आणि जुळवून बघा. भोवती कुंपण आहे, कारण वर्षानुवर्षं लोक त्या फांदीवर बसून फोटो काढायचे. म्हातारं झाड किती भार सोसणार?

*लिपस्टिक पाम.* देठ इतके लाल की कोणी रंगवले असावेत असं वाटतं. बागेच्या बोधचिन्हातही हाच ताड आहे.

*जुनं जंगल.* शहराच्या मधोमध सुमारे सहा हेक्टरचा मूळ वर्षावनाचा तुकडा जपून ठेवला आहे. तिथल्या पायवाटेवर शिरलात की लगेच सावली दाट होते. पाचच मिनिटं सगळ्यांनी गप्प राहायचं आणि किती आवाज ऐकू येतात ते मोजायचं. मुलं आनंदाने गप्प राहतात, हे विशेष.

*दोन पंखांच्या बियांची झाडं.* २०२१ मध्ये बागेला गॅलॉप नावाचा नवीन भाग जोडला गेला. तिथल्या वृक्षोद्यानात आग्नेय आशियाच्या जंगलांतले उंच वृक्ष लावले आहेत. त्यांच्या फळांना पंख असतात आणि ती भिरभिरत खाली येतात. आपला साल वृक्ष याच कुळातला. या कुळातल्या अनेक जाती जंगलतोडीमुळे धोक्यात आहेत. इथली बरीच झाडं अजून लहान आहेत, आपल्या मुलांसारखी. ती पूर्ण वाढतील तेव्हा आपण नसू.

पिकनिक कुठे, काय खायचं?

हिरवळीवर चटई टाकून बसायला इथे परवानगी आहे. पाम व्हॅलीची उतरती हिरवळ, बँडस्टँडचा परिसर आणि बुकिट तिमा बाजूचा इको लेक या चांगल्या जागा. पाम व्हॅलीजवळच्या सिम्फनी स्टेजवर अधूनमधून मोफत कार्यक्रमही होतात.

खायचं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे लिटल इंडिया. सकाळी तिथून इडली, वडा, डोसा बांधून घ्या आणि डाउनटाउन लाइनची मेट्रो पकडा. तिसरं स्टेशन बोटॅनिक गार्डन्स. मात्र मेट्रोत खाणं-पिणं चालत नाही, डबा बागेतच उघडा. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, त्यामुळे रिकामी बाटली बरोबर ठेवा.

घरून खाऊ नेणार असाल तर थोडं जपून. खसखस सिंगापूरमध्ये प्रतिबंधित आहे. म्हणजे अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या, लाडू घरीच ठेवा. च्युइंग गम, गुटखा आणि चघळायची तंबाखूही नको. प्रेमाने भरलेला डबा विमानतळावर अडचणीचा ठरायला नको.

मुलांसाठी आणि जरा वेगळं

बुकिट तिमा बाजूला जेकब बॅलस चिल्ड्रन्स गार्डन आहे. तेही मोफत. नियम गमतीचा आहे: १४ वर्षांपर्यंतचं मूल बरोबर असेल तरच मोठ्यांना प्रवेश. सोमवारी ते बंद असतं, म्हणून दिवस बघून ठरवा.

ऑर्किड गार्डनला मात्र तिकीट आहे. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल ‘व्हँडा मिस जोकिम’ तिथे बघायला मिळतं. फुलांची आवड असेल तर खर्च करा, नसेल तर बाहेरची बाग पुरेशी आहे.

इतिहासाची आवड असेल तर प्लांट हाउसजवळच्या विटांच्या पायऱ्या बघा. दुसऱ्या महायुद्धात जपानी ताब्यात असताना ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांकडून या विटा बनवून घेतल्या गेल्या. काही विटांवर बाणाची खूण आहे. कैद्यांनी मूकपणे नोंदवलेला तो निषेध होता. पायाखाली बघत चाललात तरच सापडते.

सुरक्षेचं मनावर घ्या

झाडं सुंदर असतात तशी जडही असतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये याच बागेतला दुसरा एक टेंबुसू, २७० वर्षांहून जुना आणि सुमारे ४० मीटर उंच, मुळांसकट उन्मळून पडला. त्यात एका महिलेचा जीव गेला. बागेत झाडांची तपासणी होत असते, तरीही असं घडलं. घाबरून जाणं रद्द करायची गरज नाही, पण हे नियम पाळा:

• वारा सुटला, गडगडाट झाला की झाडाखालून उठा आणि जवळच्या पक्क्या निवाऱ्यात जा. तिथे दुपारनंतर विजांसह पाऊस नेहमीचाच. छत्री विजेपासून वाचवत नाही.
• कुंपण घातलेल्या झाडापाशी आत शिरू नका.
• घोरपड, रानकोंबडा किंवा पाणमांजर दिसलं तर लांबून बघा. खायला घालू नका.
• फुलं-पानं तोडू नका, कचरा टाकू नका. दोन्हीला दंड आहे.
• गुडघ्यांचा त्रास असेल तर चढ टाळा. टँगलिनपासून स्वान लेकपर्यंतचा छोटा फेरफटकाही छान होतो.

परत आल्यावर एक काम राहतं. मोबाइलमधली ती यादी उघडा आणि तुमच्या गल्लीत, कॉलनीत, बसस्टॉपजवळ त्यातलं कोणतं झाड आहे ते शोधा. पर्जन्यवृक्ष बहुतेक सापडेल. देवळापाशी कैलासपतीही भेटेल. मुलांना नाव आठवलं नाही तर आजीला फोन लावून द्या. त्यालाही तिकीट नाही.